समोर बसून काढलेलं तेल

१९९८ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झालेली, चौथीच्या वर्गाचं दार बघायच्या आत बापानं घाण्यावर घातलं. तेव्हा ह्या लिहिण्यात काना-मात्रा बघत बसू नका. खरं किती आणि खोटं किती, तेवढं बघा.

गडमुडशिंगीच्या रस्त्याला आमचा शेंगतेलाचा घाणा. बैल जाऊन विजेची मोटार आली ती माझ्या हातची, पण रीत बापाची तशीच ठेवलेली. ज्यानं त्यानं आपल्या शेंगा फोडून दाणे आणायचे, पाळी येईपर्यंत कट्ट्यावर बसायचं, आणि आपलेच दाणे आत पडताना, आपलंच तेल खाली उतरताना आपल्या डोळ्यांनी बघायचं. तेल त्यांचं, पेंड माझी. ती पेंड मी म्हशीवाल्यांना विकायचो, तीच माझी मजुरी. कोणी दाणे ओतून बाजारला निघालंच तर मी मोटार बंद करायचो. आधी माघारी ये, बस, मग चालू. लोक शिव्या द्यायचे, पण बसायचे. त्या कट्ट्यावर सोयरिकी जुळल्या, भावकीतले बांध मिटले. माझ्या तेलाबद्दल कुणी कधी शंका काढली नाही, कारण शंका काढायला मी जागाच ठेवली नव्हती.

आणि मग त्याच १९९८ च्या सुमाराला पामतेल आलं. मलेशिया कुठं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नकाशात बोट ठेवता येणार नाही. पण तिथल्या झाडाचं तेल समुद्र ओलांडून शाहूपुरीच्या बाजारातल्या दुकानात येऊन बसलं, आणि आमच्या मागच्या रानातल्या शेंगेच्या तेलापेक्षा कितीतरी स्वस्त. हे कसं, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. सुरुवातीला बायका ती पिशवी पदराखाली घालून न्यायच्या. माझ्या दारावरून जाताना मान फिरवायच्या. गाठ पडलीच तर म्हणायच्या, तळायला तेवढं हे, लोणच्याला तुमचंच. वर्षभरात पदर बाजूला झाला. मग लोणचंही गेलं.

आम्ही घाणेवाले जमून पुढाऱ्याकडं गेलो. आमच्याकडं दुखणं कसलंही असो, औषध एकाच दारात मिळतं. दुधाचा संघ त्यांचा, बँक त्यांची, साखर कारखान्यात भाऊ, आणि विधानसभेत ते स्वतः. आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, बाहेरच्या तेलावरचा कर माझ्या हातात नाही, मुंबईच्याही नाही, तो दिल्लीच्या हातात. आणि दिल्लीनं बाहेरच्या देशांबरोबर करार केलेत, दारं उघडी ठेवायची म्हणून. मी विचारलं, दार आमचं आणि उघडायचं कुणी हे ठरवलं कुणी? साहेब हसले. दिल्लीत आपली माणसं आहेत, शब्द टाकतो म्हणाले. आम्ही देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की आमच्या गल्ल्यांचं एकही मत साहेबांच्या बाहेर जाणार नाही. भंडारा उचलला म्हणजे संपलं. आमच्यात त्यानंतर भावालाही मत देत नाहीत. नाही गेलं एकही मत.

आणि कर खरोखर वाढला. पामतेल महाग झालं, आणि मी चहाच्या टपरीवर छाती काढून सांगत सुटलो, की बघा, आमच्या भंडाऱ्यानं दिल्ली हलवली. एका मास्तरानं मला पेपर वाचून दाखवला. कर वाढवला होता तो सोयाबीनच्या कारखानदारांसाठी. त्यांची माणसं दिल्लीत रोज बसायची, आमचा भंडारा देवळाच्या बाहेरही गेला नव्हता. मास्तराला म्हटलं, कुणासाठी का वाढेना, वाढला ना? हा माझा हिशेब. पोटात गेल्यावर साखर कुठल्या कारखान्याची कोण विचारतंय!

पण विचारायला पाहिजे होतं. सोयाबीनला भाव आला, तशी आमच्या भागातल्या रानांतून शेंग उठली. शेंग उपटायला, तोडायला, वाळवायला बायका लागतात. सोयाबीन कापलं, मळणी मशीनमध्ये घातलं, मोकळं. पाणी असलेल्यानं ऊस लावला, नसलेल्यानं सोयाबीन पेरलं. पामतेल महाग होतं तेव्हा माझ्या घाण्यावर गर्दी व्हायला पाहिजे होती, आणि माझा कट्टा रिकामा, कारण दाणेच नाहीत. वर सोयाबीनची पेंड घातलेलं पशुखाद्य संघाकडून पोत्यानं घरपोच येऊ लागलं, पैसे दुधाच्या बिलातून कापायचे. माझी पेंड कोण विकत घेणार? ज्या करानं मला वाचवायचं, त्यानंच माझं तेल नेलं आणि मजुरीही नेली. आणि मी टपरीवर छाती काढून बसलेलो.

पुढं सगळ्याच जिनसा महागल्या, मतदानाचं वर्ष जवळ आलं, आणि दिल्लीनं तो करही काढून टाकला. रेडिओवर बाई किती गोड आवाजात सांगत होती.

तोवर २००८ साल आलं होतं. थोरला पोरगा घाणा बघायचा. दाणे बाजारातून विकत आणून तो थोडं तेल काढायचा आणि डब्यानं विकायचा. एक दिवस मला म्हणाला, त्यात पाम मिसळू, सगळे मिसळतात. घाणा रोज थोडा वेळ चालवायचा, म्हणजे रस्त्यावर आवाज जातो, वास जातो, आणि गिऱ्हाईक वळतं. मी त्याच्या आईसमोर त्याला नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला,

"आप्पा, दिल्लीनं अख्ख्या देशाच्या कढईत पाम वतलं, त्येला धोरण म्हणत्यात. मी दोन डबं मिसळलं तर त्ये पाप व्हय?"

"दिल्लीसमोर कोण बसून बघत न्हाय," मी म्हणालो. "माझ्यासमोर बसतंय."

"कोण बसतंय? दावा की."

मी त्याला दाखवणार होतो, की समोर जाऊन विचारणारा अजून एक तरी आहे. म्हणून तर त्याच आठवड्यात संघाच्या मेळाव्याला गेलो. साहेबांना चारचौघांत विचारायचं, असं ठरवूनच. जेवणात पुऱ्या होत्या. मांडवामागं पामतेलाच्या रिकाम्या डब्यांची थप्पी लागलेली. अन्नाला नाव ठेवायचं नाही म्हणून खाल्लं. हात धुतले आणि साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, साहेब, भंडारा उचलून मतं दिली, कर का काढला? ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आप्पा, शहरात तेल महागलं तर सरकार पडतंय. तुमचा घाणा पडला तर काय पडतंय, सांगा की."

भोवतीची माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटलं. त्या माणसाला वाईट म्हणावं तर त्यानं एक शब्द खोटा बोललेला नव्हता, आणि हेच लई वाईट.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. घाणा चालू होता, घाण्याशेजारी पामचे नवीन डबे उघडलेले. पोरानं माझी वाट बघितली नव्हती. तेवढ्यात गडमुडशिंगीची एक म्हातारी किटली घेऊन आली. माझ्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, मी तिला आक्का म्हणतो. हिनं सगळ्यात जास्त शिव्या घालत, पण सगळ्यात जास्त वेळ ह्या कट्ट्यावर बसून काढलेला. मला वाटलं, देवानंच धाडली. पोराकडं बघून मी म्हणालो, आक्का, बसा. दाणे माझे घालतो, तुमच्यासमोर काढून देतो.

"कशाला रं बाबा?" ती म्हणाली. "म्हशीची धार ऱ्हायलीय. तयार हाय त्यातलंच दे की."

पोरगा किटली भरायला लागला. मी त्याचा हात धरला.

"आक्का, त्यात पाम हाय."

तिनं बोट बुडवून चाटलं.

"असू दे की. आता कशात न्हाय? घरात आमी त्येच खातोय. ह्येला निदान वास तरी हाय."

किटली भरून घेतली, पैसे दिले आणि गेली. पोरगा जिंकल्यासारखा हसला असता तर मी त्याला मारलं असतं. तो हसला नाही. डब्याला झाकण लावत एवढंच म्हणाला, "गावभर सांगा आप्पा, कोण आयकायचं न्हाय. घाण्याचा आवाज तेवढा चालू ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजेच्या कचेरीत जाऊन दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलो. मीटर माझ्या नावावर. तिथला अधिकारी आल्यावर म्हटलं, घाण्याच्या मोटारीचं कनेक्शन तोडा. थकबाकी आहे का, त्यानं विचारलं. नाही. मग कशाला? म्हटलं, माझं आहे म्हणून. परत जोडून मिळायला फार त्रास होईल, असं त्यानं दोनदा समजावलं, मी सही केली. वायरमनच्या मोटारसायकलवर मागं बसून त्याला घरी घेऊन आलो. पोरगा दारात दात घासत उभा होता. वायरमन खांबावर चढला, आणि तार तोडून तो खाली उतरेपर्यंत मी वर बघत खांबाला टेकून उभा राहिलो.