मातीचं विरजण

विरजणकाकूंनी कधी कुणाला नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. बागेच्या फाटकातून नवा माणूस आत आला की त्या त्याच्या चेहऱ्याऐवजी आधी हातांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हात घाला." कशात, हे विचारायला उसंत मिळत नसे. तोवर त्यांनी मनगट धरून हात पाल्याच्या थराखाली मातीत खुपसलेला असे. तुम्ही डॉक्टर असा नाहीतर दूधवाले, बाहीला इस्त्री असो नाहीतर नसो, त्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मग त्या विचारायच्या, "काय कळलं?" बहुतेक जण काहीच नाही म्हणायचे. त्यांना उत्तर मिळे, "मग परत घाला."

माझंही तसंच झालं. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे यंत्राखाली तेलाचा थेंब सांडला तरी त्याचा फोटो निघतो. रविवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या खुल्या जागेवर कसली गडबड चालली आहे म्हणून डोकावलो आणि दोन मिनिटांत मनगटापर्यंत मातीत होतो. एप्रिलचं ऊन होतं, रस्त्याच्या डांबराला चपला चिकटत होत्या. "काय कळलं?" काकूंनी विचारलं. "आत गार आहे," मी म्हणालो. काकू हसल्या. "सायबाला समजतंय की. घ्या याला." त्या दिवसापासून मी बागेचा साहेब झालो आणि माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

आमची वसाहत सातारा परिसरात, म्हणजे सातारा जिल्ह्यात नव्हे, आमच्याच शहराच्या कडेला डोंगराच्या पायथ्याशी. पाणी टँकरचं. त्यामुळे झाड लावू म्हणणाऱ्याला लोक आधी वेड्यात काढायचे. खुल्या जागेवर नुसता मुरूम होता आणि त्यावर सगळ्यांचा कचरा. तिसऱ्या गल्लीतली नेहा आर्किटेक्ट आहे. ती कुठल्याशा शिबिराला पंधरा दिवस जाऊन आली आणि 'पर्माकल्चर' हा शब्द घेऊन आली. पाच घरांचं धुण्याभांड्यांचं पाणी एका खड्ड्यात आणायचं, खड्ड्याभोवती गोल केळी लावायच्या, माती कधी उघडी ठेवायची नाही, असं ती भिंतीवर मोठा नकाशा चिकटवून समजावत होती. तेव्हा मागून आवाज आला, "पोरी, नाव लई भारी हाय तुझं. पण विरजण कुठंय?"

त्या काकू. कन्नडजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या, निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेल्या. जुन्या सतरंजीची शिवलेली लाल-निळ्या पट्ट्यांची पिशवी त्यांच्या हातात होती आणि पिशवीत अंगणवाडीच्या परसातली काळीभोर माती. "दुधात नुसतं दूध घालत बसलं तर दही व्हतं का?" त्यांनी नेहाला विचारलं. "मुरमात पाला घाला, शेण घाला, कितीबी घाला. जिवंत मातीची वंजळ पडल्याबिगर ते लागायचं नाय." त्यांनी ती पिशवी कोपऱ्यात, केळीच्या खड्ड्यामागे पहिल्या वाफ्यात रिकामी केली. आणि पुढे तोच आमचा रिवाज झाला. नवा वाफा करायचा तर आधी त्या जुन्या वाफ्यातून एक ओंजळ माती आणायची, पाल्यानं झाकायचं आणि महिनाभर उघडून बघायचं नाही. "सारखं बोट घातलं की दही मोडतं," काकू सांगायच्या. मी एकदा त्यांना पकडलंच. म्हटलं, तुम्ही तर येईल त्याला हात घालायला लावता. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यो जुना वाफाय. लागलेल्या दह्यात हात घालायचा नाय तर कशात घालायचा?"

त्यांच्याकडे भांडणावरही औषध होतं. आमच्या गल्लीत दोन शेजारी गाडी लावण्यावरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकूंनी एका रविवारी जुन्या लुगड्याची झोळी केली, तिच्यात पाला भरला आणि एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या हातात दिलं. झोळीची गंमत अशी की दोघांची पावलं जुळली नाहीत तर पाला सांडतो. पहिल्या खेपेला अर्धा सांडला. तिसऱ्या खेपेला पुढचा मागच्याला म्हणाला, "जरा हळू." दोन वर्षांतला त्यांचा तो पहिला संवाद. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बोलले बगा, बोलले," आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, ही बाई बाग करतेय ती भाजीसाठी नव्हेच.

रविवारी सगळ्यांचे डबे यायचे. कोपऱ्यावरचे रसवंतीवाले रफिकभाई उसाच्या चिपाडांची पोती टाकून जायचे. "काकू, आज के तीन बोरे हैं, और होना क्या?" असं विचारत ते फाटकातच थांबायचे, कारण आत आलं की हात घालावा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पोतं दिलं की काकू त्या पोत्यात शेवग्याच्या चार शेंगा, मूठभर कढीपत्ता, काहीतरी घालूनच परत करायच्या. कुणाचाही डबा त्यांनी रिकामा परत दिला नाही. "दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू नाय," त्या म्हणायच्या. एकदा काहीच नव्हतं तर त्यांनी माझ्या बायकोच्या डब्यात जास्वंदीचं एक फूल ठेवून दिलं होतं.

बाग अशी बहरात आली आणि तेवढ्यात सोसायटीत पेव्हर ब्लॉकचा विषय निघाला. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मोजकं. त्यांचं म्हणणं, खुली जागा पाल्यापाचोळ्यानं भरली आहे, साप निघतील, त्यापेक्षा ब्लॉक बसवून गाड्या लावू. समितीतले बरेच जण त्यांच्या बाजूचे होते. अखेर ठरलं की रविवारी दहा वाजता समिती प्रत्यक्ष पाहणी करेल आणि तिथंच उभ्या उभ्या निर्णय घेईल. नेमक्या काकू पुतणीच्या हळदीला कन्नडला गेलेल्या.

इथून पुढचा गुन्हा सर्वस्वी माझा. कारखान्यात ऑडिटच्या आदल्या दिवशी आम्ही जे करतो तेच मी बागेत केलं. शनिवारी सकाळी पंधरा जण गोळा केले, खराटे वाटले आणि वाफ्यावाफ्यातला पाला झाडून काढायला लावला. नेहा कुरकुरली, "पाला काढायचा?" मी म्हटलं, दोनच दिवस, पाहणी झाली की परत टाकू. दुपारपर्यंत जमीन लख्ख. वाफ्यांच्या कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. एकतीस पोती भरून फाटकाबाहेर रचली, म्हणजे आतून कचरा दिसायला नको. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. काकूंनी तो पाहिला नाही, त्यांच्याकडे साधा फोन होता. नाहीतर त्या हळद सोडून आल्या असत्या.

रविवारी नऊ वाजता त्या एसटीतून उतरून थेट बागेत आल्या. हातांवर हळद तशीच होती. फाटकात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मग वाकून त्यांनी वाफ्यावरून वाळलेलं एक गांडूळ उचललं आणि तळहातावर ठेवून माझ्याकडे बघितलं. "मातीचं पांघरूण कुठंय?" एवढंच विचारलं. मी फाटकाबाहेर बोट दाखवलं. बाहेर एकही पोतं नव्हतं. घंटागाडी नुकतीच येऊन गेली होती. दारात नीट बांधून ठेवलेला सुका कचरा, त्या बिचाऱ्यांनी इमानेइतबारे उचलला होता.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर काकू म्हणाल्या, "गाडी काढ." एरवी मला 'सायब, तुमी' म्हणणाऱ्या काकूंच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा एकेरी ऐकलं.

मग आमची स्कूटर आणि घंटागाडीचा पाठलाग. काकू मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं दिशा दाखवतायत. घंटागाडीचं गाणं भोंग्यावर वाजतं, पण चार गल्ल्यांत चार गाड्या, आणि डोंगराला आपटून आवाज कुठूनही येतो. पहिल्या गाडीत ओला कचराच होता. दुसरीचा चालक आमच्या अंगावर खेकसला. तिसरी गाडी मुख्य रस्त्याला लागताना दिसली, वर आमची पोती डुलत होती. काकू मागून ओरडल्या, "सायब, हाण," आणि मी हाणली. आयुष्यात मी कधी डावीकडून कुणाला ओलांडलं नव्हतं असं नाही, पण एवढ्या आनंदानं कधीच ओलांडलं नव्हतं. गाडी थांबली. चालकानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, कचरा वापस मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं बघा." काकू म्हणाल्या, "त्यो कचरा नाय लेकरा. चल, तुलाबी दावते." तो हसला आणि त्यानं गाडी वळवली.

तर दृश्य असं, की बरोबर दहाला समिती बागेत उभी आहे, अध्यक्ष स्वच्छ वाफे पाहून चक्क समाधानानं मान हलवतायत आणि गाणं वाजवत घंटागाडी फाटकात शिरते. वसाहतीत कचरा घालायला आलेली ती पहिलीच घंटागाडी असावी. पोती धडाधड उतरायला लागली. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे काय चाललंय? कालच एवढं साफ केलंत ना?"

काकू त्यांच्यासमोर गेल्या. "हात घाला," म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी अध्यक्षांचं मनगट धरलंच होतं. आधी झाडलेल्या वाफ्यावर नेलं. एका दिवसाच्या उन्हानं तिथं पापुद्रा धरला होता, बोटंही आत जाईनात. अध्यक्षांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग काकूंनी त्यांना केळीमागच्या कोपऱ्यात नेलं. तो जुना वाफा माझ्या खराट्यातून चुकून सुटला होता, कारण तिथं खराटा फिरवायला जागा नव्हती. पाल्याचा थर तसाच होता. अध्यक्षांचा हात आत गेला, पांढऱ्या बाहीसकट.

त्यांनी आतल्या आत माती मुठीत दाबून पाहिली. आयुष्यभर कालव्यांवर काढलेला माणूस तो, ओल म्हणजे काय हे त्याला आम्ही सांगायची गरज नव्हती. "इथे शेवटचं पाणी कधी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मागल्या आयतवारी."

"आठ दिवस?"

"व्हय. तवापासनं वरतून नाय दिलं. पाचा घरांचं मोरीचं पाणी हाय, तेवढंच."

अध्यक्षांनी हात बाहेर काढला, मातीचा वास घेतला आणि मागे वळून समितीकडे पाहिलं. "पावसाळ्यापर्यंत राहू द्या," ते म्हणाले. काकूंनी लगेच लुगड्याची झोळी त्यांच्यापुढे केली. "राहू द्या म्हणून कसं चालंल? ह्यो पाला कोण पसरणार?" एक टोक अध्यक्षांनी धरलं, दुसरं घंटागाडीच्या चालकानं. दुपारी एकपर्यंत एकतीस पोती जिथल्या तिथं गेली. पेव्हर ब्लॉकचा विषय पावसाळ्यानंतर पुन्हा कुणी काढला नाही.

संध्याकाळी मी काकूंच्या घरी गेलो. माफी मागायची राहिलीच होती. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तू वाईट नाय केलं. तुला समदं उघडं, चकचकीत बघायची सवय. मातीला झाकलेलंच आवडतं. माणसालाबी आवडतं तसं. कुणाचं लई उघडं करून बघू नाय." कारखान्यात मी माणसांच्या चुका शोधून चारचौघांत फळ्यावर लावायचो. दुसऱ्या दिवसापासून ते बंद केलं. फळा अजून आहे, पण आता त्या माणसाला बाजूला घेऊन बोलतो. हे काकूंमुळे झालं, हे माझ्या साहेबांना मी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी काकू गावी परत गेल्या. अंगणवाडीचं परस ओसाड पडलं होतं, गावातल्या बायकांनी त्यांना बोलावलं होतं. जायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला त्या सतरंजीची पिशवी घेऊन बागेत आल्या. "सायब, थोडं विरजण द्या. तिथलं समदं मेलंय." मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. सरळ सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून म्हटलं, "काकू, तिन्हीसांजेला विरजण देत नसतात." त्यांनी पिशवीची घडी घातली. सगळं कळलं होतं त्यांना. "खरंय," म्हणाल्या. "मग सकाळची यष्टी चुकली म्हणायची. उद्या द्या." एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वसाहत आली आणि प्रत्येकानं जुन्या वाफ्यातली एकेक ओंजळ पिशवीत घातली. रफिकभाई पहिल्यांदाच फाटकाच्या आत आले. शेवटची ओंजळ अध्यक्षांची होती. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परवा कन्नडहून येणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती ती पिशवी परत आली. लाल-निळे पट्टे विटलेले, पण पिशवी गच्च भरलेली. वर ओलसर पाल्याचा थर, खाली माती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. भांडं रिकामं धाडू नये एवढंच. आम्ही सगळे फाटकाशी गोळा झालो. अध्यक्षांनी कुणी न सांगता बाही वर सारली, हात आत घातला आणि कितीतरी वेळ बाहेर काढला नाही. त्या मातीत गांडुळं होती. तिथलं मेलेलं परस जगलं होतं, आमच्या ओंजळींवर.

ती माती आम्ही जुन्या वाफ्यात मिसळली. पिशवी आता रिकामी झाली आहे, म्हणजे ती भरून पाठवणं आलं. मी मात्र ती कुणाच्या हाती देणार नाही. रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं मीच कन्नडला निघालो आहे, आणि जाताना घड्याळ घरीच काढून ठेवणार आहे; पोचताच काकू मनगट धरतील.