निवृत्तीच्या चाकावर जिंकलेली शर्यत

आमच्या सायकल शर्यतीच्या माजी विजेत्यांच्या यादीत २००८ सालापुढे सलाउद्दीन पिंजारीचं नाव आहे. सात दिवस, सात टप्पे, आणि सातही दिवसांची वेळ मिळून ज्याची सगळ्यांत कमी तो विजेता. यादीतल्या बाकीच्यांना रेल्वेत नोकऱ्या लागल्या, एकानं अकादमी काढली. सलाउद्दीन ओझरला एका लहान कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग करतो. त्याला भेटायला कुणी गेलं आणि शर्यतीचा विषय काढला, तर तो उठून चहा सांगायला जातो. परत आला की दुसरंच काहीतरी बोलतो.

मी त्या वर्षी त्याच्या संघाचा मेकॅनिक होतो. म्हणून मला माहीत आहे.

त्याचे वडील नाशिकच्या भद्रकालीत गाद्या भरायचे. सायकलवरून गाद्या पोचवता पोचवता पोराचे पाय तयार झाले. चोविसाव्या वर्षी तो आमच्या संघाचा मुख्य खेळाडू होता, आणि निवृत्ती त्याचा जोडीदार. निवृत्ती सुरगाण्याच्या आतल्या एका पाड्यावरचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी फक्त आई, विमलाबाई. शर्यतीत जोडीदाराचं काम म्हणजे पुढं राहून वारा कापायचा, पाणी आणून द्यायचं, चढावर नायकाला ओढून न्यायचं. स्वतः जिंकायचं नाही. निवृत्तीला त्याचं काही वाटत नसे. "सल्लूभाई जिंकला की आमचा पाडा जिंकला," म्हणायचा. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे.

सहाव्या दिवशी सुरगाण्याहून वणीपर्यंतचा टप्पा होता. जानेवारीतली सकाळ, चांगलंच धुकं. सलाउद्दीन एकूण वेळेत पहिल्या नंबरापेक्षा फक्त अकरा सेकंद मागं होता. घाटाच्या माथ्यावर त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं. आमची जीप तेव्हा मागं होती. संघातला एक जण पडला होता, त्याच्यापाशी आम्ही थांबलो होतो. निवृत्तीनं क्षणभरही विचार केला नाही. आपल्या सायकलचं चाक काढून सलाउद्दीनला दिलं आणि त्याला मागून ढकलून दिलं.

चार मिनिटांनी आम्ही पोचलो. निवृत्ती रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून उभाच होता. मी नवं चाक बसवलं. म्हटलं, "आता घाई नको, तुझा नंबर काय लागायचाय?"

"तो वाट बघत असेल," तो म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या वळणावर खडी सांडलेली होती. आम्ही आलो तेव्हा सायकल कठड्याला अडकलेली होती आणि निवृत्ती खाली. मी उतरलो. पुढचं मला लिहिता येत नाही.

वणीला सलाउद्दीन पहिला आला होता. आघाडीची पिवळी जर्सी अंगात, गळ्यात झेंडूचा हार. मला बघून हसत पुढं आला. "निवृत्ती कुठंय? त्याला आज खांद्यावर घेणार मी." माझ्या शर्टाकडं बघून त्याला कळलं.

त्या संध्याकाळी सगळ्या संघांनी मिळून ठरवलं की शेवटच्या दिवशी कुणी शर्यत करायची नाही. वणी ते नाशिक सगळे एकत्र, सावकाश आले. चाकांचा तेवढा आवाज. नाशकात मैदानावर मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. आम्ही कमानीशी आलो आणि ढोल सुरू झाले. "थांबवा, थांबवा" म्हणत मी पळालो, पण ढोलात माझं कोण ऐकणार? सलाउद्दीन तसाच ढोलांमधून रेषा ओलांडून आला. शर्यत त्याच्या नावावर झाली. नंतर तो कधी सायकलवर बसला नाही.

त्या दिवाळीनंतर भातकापणी उरकली, तेव्हा तो पहिल्यांदा विमलाबाईकडं गेला. मग दरवर्षी जाऊ लागला. सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढं जीप. कौलं शाकारून द्यायचा, नागलीची भाकरी खायचा, रात्री राहायचा. बाई त्याला "नाशिकचा पोरगा" म्हणायची. पुढं त्याचं लग्न झालं, तेव्हा नूरबानोला घेऊन आधी तिथंच गेला.

दरवर्षी बाई एकच विचारायची. "शेवटी काय बोलला रे तो?"

"काही नाही, आई. नुसता हसला."

दहा वर्षं झाली तेव्हा सगळ्या माजी विजेत्यांचा सत्कार ठेवला होता. सलाउद्दीन यायला तयार नव्हता, मीच ओढून नेलं. निवेदक म्हणाला, "आणि हे आपले भाग्यवान विजेते! माथ्यावर पंक्चर झालं, तरी शर्यत जिंकली!" टाळ्या झाल्या. सलाउद्दीननं माईक हातात घेतला, तसाच परत दिला आणि खाली उतरला.

बाहेर येऊन त्यानं मला दहा वर्षं मनात ठेवलेलं सांगितलं. चाक बसवताना तो निवृत्तीला म्हणाला होता, "लवकर ये. पुढच्या चढाला तू नसलास तर मी संपलो." आणि निवृत्ती म्हणाला होता, "आलोच."

"मला चढ एकट्याला जमला रे, राकेश," तो म्हणाला. "त्याची गरजच पडली नाही."

त्याच रविवारी आम्ही दिंडोरीकडं गेलो. त्या दिवसांत विमलाबाई द्राक्षाच्या कामाला तिथं असायची. बागेच्या कडेला पालात बसून तांदूळ निवडत होती. सलाउद्दीननं समोर बसून सगळं सांगितलं, खाली बघत. तिचा हात सुपातच राहिला.

"मंग आलोच म्हनला?"

"हो."

"म्हंजी तो घाईघाईनं तुझ्याकडंच येत व्हता."

"हो, आई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "धा सालं माझ्या घरात जेवला तू. दर साली मी इचारलं." तिचा आवाज चढला नाही. "आता नको येत जाऊ."

तो उठला. चहा ठेवलेला होता, तो तसाच राहिला.

त्या वर्षी भातकापणी झाली, तो गेला नाही. पुढच्या वर्षी सुरगाण्याच्या स्टँडपर्यंत गेला, दोन तास बसला आणि त्याच एसटीनं परत आला. नूरबानो म्हणायची, "रागात बोलल्या असतील. आई आहे ती. जा तुम्ही." तो म्हणायचा, "ती रागावली नव्हती. तेच तर आहे."

तिसऱ्या वर्षी ओझरच्या बाजारात मला निवृत्तीचा चुलता चिमाजी भेटला. बाई जाऊन दीड महिना झाला होता. तापाचं निमित्त, चार दिवसांत गेली.

आम्ही दोघं गेलो. घराला कुलूप होतं. चिमाजीनं त्याच्या ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिलं. सलाउद्दीन विचारत नव्हता, मीच विचारलं, "बाई कधी आमचं नाव काढायची का?"

"काढायची ना," चिमाजी म्हणाला. "भात कापून झाला म्हंजी इचारायची, नाशिकचा पोरगा आला नाय का? मी म्हनलो, तूच नको म्हनली ना? तर म्हनायची, म्हनलं असंल मी, त्यानं कशाला ऐकायचं?"

सलाउद्दीननं हातातला पेला खाली ठेवला. "कुठं दहन केलं?" एवढंच विचारलं.

चिमाजी आम्हाला ओहोळाकाठी घेऊन गेला. तिथं आता काही नव्हतं, नुसती काळी पडलेली माती आणि तीन दगड. सलाउद्दीननं चपला काढल्या, दोन्ही हात पसरले आणि ओठातल्या ओठात त्याची दुआ म्हटली. चिमाजी डोक्यावरची टोपी काढून बाजूला उभा राहिला. तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून शेवटच्या जीपचा हॉर्न वाजायला लागला. मी दोनदा हाक मारली. तो हात तसेच धरून उभा होता. चिमाजी म्हणाला, "असू दे. ऱ्हावा आज." मग मीही चपला काढल्या.