पडद्यावरचे तीन बाप आणि आमचे मोठे मामा

प्रेम या विषयात राजुऱ्याच्या कोळसा खाणीवर माझ्या मोठ्या मामांइतका अधिकारी माणूस दुसरा झाला नाही, आणि त्यांनी स्वतः कधी प्रेम केल्याचा एकही पुरावा मामीपाशी नाही. मामा खाणीत डंपर चालवायचे. डंपरवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे ते घरात मीठ मागायचे तरी रस्त्याने जाणारा माणूस थांबून वळून पाहायचा. मिशा जाड, मनगटं त्याहून जाड. पाळीवर दोन माणसं भांडायला लागली की मामा नुसते जवळ जाऊन उभे राहायचे आणि भांडण आपोआप मिटायचं. असा हा माणूस संध्याकाळी कोळशाची काजळी धुऊन, खांद्यावर पांढराशुभ्र दुपट्टा टाकून टीव्हीपुढे बसायचा आणि दुपट्ट्याचं टोक ओलं होईपर्यंत रडायचा. दुपट्टा त्यासाठीच असायचा. "लोकाइचे नवरे दारूनं भिजतेत, माह्या सिरीयलनं भिजते," असं म्हणत मामी तो दोरीवर वाळत घालायची.

तसं पाहिलं तर मामांनी आयुष्यात एकच गोष्ट पाहिली, फक्त ती तीनदा पाहिली. लाकडाच्या वखारीचा धनी असतो, त्याची एकुलती मुलगी असते, गावच्या शाळेत नवा मास्तर येतो, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बाप नाही म्हणतो. ही मूळची एक कादंबरी. तिच्यावरून आधी हिंदीत मालिका झाली, मग तेलुगूत, मग मराठीत. पात्रांची नावं प्रत्येक वेळी बदलली, पण मामांनी ती कधी ध्यानात ठेवली नाहीत. नायिका म्हणजे "आपली पोट्टी", नायक म्हणजे "मास्तर", आणि बाप म्हणजे "तो". मास्तर-पोट्टीकडे मामांचं फारसं लक्षच नसायचं. "ते दोघं सारखेच असतेत वं सगळीकडं," ते मला सांगायचे, "पाहायचा तो बाप. बाप बरोबर जमला तर सिरीयल जमली."

हिंदीतला बाप बोलायचा नाही. शाल गुंडाळून, हातात काठी घेऊन तो बंगल्यात इकडून तिकडे फिरायचा आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करायचा. तेलुगूतला बाप सगळं बोलायचा, तेही ओरडून. दोन जीपा भरून माणसं घेऊन तो मास्तरला शोधायला निघायचा आणि ऐन वेळी छातीवर हात दाबून खाली बसायचा. मराठीतला बाप शुक्रवारी हो म्हणायचा आणि सोमवारी फिरायचा. अशी त्याने दोन वर्षं काढली. मधे एकदा तर बाप करणारा नटच बदलला, आणि नवा नट जुन्यापेक्षा वयाने लहान दिसत होता. तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "बापाले बदलता येते का बे असं?" ते टीव्हीलाच विचारायचे. पण तिन्ही बापांना त्यांचं सांगणं मात्र एकच असायचं. बापाने नकारार्थी मान हलवली की मामा उठून उभे राहायचे आणि डंपरच्या आवाजात ओरडायचे, "दे नं बे पोट्टी! काय फ्रेम करून भितीवर लावतं का तिले?" वस्तीतल्या लहान मुलांनासुद्धा ते वाक्य पाठ होतं.

मी कॉलेजसाठी मामांकडे राहिले. आमचं घराणं तलावात जाळं टाकणारं. त्यात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिली, आणि ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी मी अजून सांगते. मामांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान. पण त्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी फक्त एकाच कामाला केला. एक दिवस म्हणाले, "बी.ए.वाली, तुह्या कॉलेजात ते मूळ पुस्तक असन. वाच आन् सांग, खरा बाप कोणता?" मी लायब्ररीतून कादंबरी आणली, आठवडाभर वाचली आणि मामांपुढे बसून सांगितलं, "मामा, पुस्तकात बाप शेवटपर्यंत मानत नाई. पोट्टी स्टेशनावर उभी राहते अन् गाडी निघून जाते. लग्न होतच नाई." मामा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मंग पुस्तक चुकलं."

तेलुगू मालिका मात्र आमच्या टीव्हीवर दिसायची नाही. ती शेजारी मल्लय्याभाऊंकडे दिसायची. मल्लय्याभाऊ खाणीत मामांच्याच पाळीवर होते. दोन घरांच्या मधे कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून इकडून मासोळीची भाजी जायची आणि तिकडून आंब्याचं लालभडक लोणचं यायचं. मल्लय्याभाऊंचं घर आंध्राकडचं, म्हणून त्यांनी छपरावरचा अँटेना दक्षिणेकडे फिरवून ठेवला होता. पण वारा आला की तो हलायचा आणि चित्रावर मुंग्या यायच्या. मग त्यांचा मुलगा श्रीनू छपरावर चढायचा. खाली टीव्हीपुढे मामा बसलेले. त्यांना तर जागेवरून उठायचं नसायचं. म्हणून ते आपल्या मुलीला, शालूला, अंगणात उभं करायचे. मामा आतून ओरडायचे, "नाई आलं!" शालू वर पाहून सांगायची, "नाई आलं!" वरून श्रीनू विचारायचा, "आता?" शालू दारात डोकावून परत यायची, "आलं, आलं... गेलं. जरा डाव्या अंगाले." श्रीनू राजुऱ्यातच वाढलेला, त्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. आत तेलुगूतला बाप मास्तरला शोधत जीपा पळवतो आहे, मामा एक अक्षर कळत नसताना घळाघळा रडत आहेत, आणि बाहेर ही दोघं मान वर आणि मान खाली करून चित्र आणत आहेत. पुढे पुढे वारा नसला तरी चित्र जायला लागलं. माझ्या ते लक्षात आलं, मामीच्याही आलं. मामांच्या आलं नाही, कारण ते बापाकडे पाहत होते.

पुढे मी बी.ए. झाले आणि गडचिरोलीला एका शाळेत लागले. शालू नर्स झाली. श्रीनू सिमेंटच्या कारखान्यात फिटर झाला. मराठी मालिका रंगात आली होती, मामांकडे रंगीत टीव्ही आला होता, आणि आता मल्लय्याभाऊच भिंत ओलांडून इकडे बघायला येत होते. अशात शालूला स्थळं यायला लागली आणि तिने मामीला सरळ सांगून टाकलं की करीन तर श्रीनूशीच. मामीने मामांना सांगितलं. त्याच रात्री माझ्या शाळेच्या शेजारच्या दुकानात मामीचा फोन आला, "बी.ए.वाले, लवकर ये वं. तुह्या मामाचा सिरीयल झाला."

मी गेले तेव्हा घरात टीव्ही बंद होता. ही गोष्ट त्या घरात आजवर फक्त लाइट गेल्यावरच घडली होती. भिंतीवरून जाणारी भाजी बंद, येणारं लोणचं बंद. मल्लय्याभाऊही तिकडे फुगून बसले होते. त्यांना आपल्या गावाकडची सून हवी होती. मामीने मला स्वयंपाकघरात नेऊन हकीकत सांगितली. "पहिले दोन दिवस हिंदीवाला बाप होता. एक शब्द नाई, नुसता खिडकीपाशी उभा. मंग तेलुगूवाला झाला. भांडे फेकले, छातीले हात लावला. मी म्हटलं डॉक्टर आणतो, तर उठून बसला. आता कालपासून मराठीवाला सुरू आहे. सकाळी म्हणते पाहू, संध्याकाळी म्हणते जमणार नाई. मले एवढंच सांग बाई, अजून किती भाग आहेत?"

शालू पोळ्या लाटत होती. मी तिला विचारलं, "अन् बाबा नाईच म्हणाले तर?" तिने लाटणं न थांबवता उत्तर दिलं. "तर नाई करणार. दुसऱ्याशी बी नाई अन् पळून बी नाई. मी काई स्टेशनावर जाऊन उभी नाई राहणार. अशीच राहीन इथी, बाबाइच्या डोळ्यापुढं." ती बोलली हळू, पण मी तिला लहानपणापासून ओळखते. मामांनी मनगटं दिली नव्हती तिला, हट्ट दिला होता.

मी मामांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "मामा, पंधरा वर्षं तुम्ही त्या बापाले शिव्या देऊन राह्यले. आता काऊन असे?" मामा जमिनीकडे पाहत म्हणाले, "तो सिरीयल होय वं. हे घर होय. त्या बापाच्या जातीचे लोक टीव्हीत असतेत, माहे इथं दारात येतीन." मग म्हणाले, "आन् ते तेलुगू. पोट्टी तिकडं जाईन, तिची भाषा बदलन, मले समजणार बी नाई ती काय बोलते." एक अक्षर न कळता दोन वर्षं तेलुगू मालिका पाहून रडणारा माणूस हे म्हणत होता. पण ते त्या वेळी त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मामांच्या चेहऱ्यावर काळजी खरी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिकेच्या वेळेला मामीने काही न बोलता टीव्ही लावला आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. मामांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. पडद्यावर मराठीतला बाप सोफ्यावर बसला होता. सोमवार होता, म्हणजे शुक्रवारी त्याने हो म्हटलं असणार, त्यामुळे आज काय होणार हे आम्हाला ठाऊकच होतं. "बाबा, त्याच्यात काय कमी आहे?" पोट्टीने विचारलं. बाप गप्प. ढगांचा गडगडाट झाला आणि बापाचा चेहरा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून दाखवला. पेपर थोडा खाली आला. पोट्टी रडायला लागली. पेपर आणखी खाली आला. बापाने मान हलवली. नाही. आणि मामा ताडकन उठून उभे राहिले.

"दे नं बे पोट्टी! काय फ्रेम करून..."

तिथे ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी शालू उभी होती. मामी भिंतीला टेकून उभी होती. मामांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा शालूकडे. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून मल्लय्याभाऊंचा आवाज आला, "बोला नं भाऊ पुढं! वाक्य तर पुरं करा!"

मामांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला, अंगणात गेले आणि भिंतीपाशी उभे राहिले. आम्ही सगळ्या मागोमाग. "मल्लय्याभाऊ," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच रस्त्यापर्यंत पोचला नाही, "तुमच्या इथी चित्र बरोबर येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं. काऊन?"

"मंग मी तिकडं येतो पाहायले. माह्या घरचा बाप लय वाईट आहे."

मल्लय्याभाऊ भिंतीपाशी आले. मग म्हणाले, "या. इथलाबी काई चांगला नाई." आणि त्यांनी आतून खुर्ची आणायला श्रीनूला हाक मारली.

लग्न मार्कंड्याला देवळात झालं, वैनगंगेच्या काठी, दोन्हीकडची मोजकी माणसं घेऊन. दारात येणारे जातभाई आले, बोलले, आणि मामांच्या मिशा पाहून जेवून गेले. पाठवणीचा प्रश्न मात्र अवघड होता, कारण सासर भिंतीपलीकडे. मामांचं म्हणणं असं, की तिन्ही मालिकांत पाठवणी गडबडीत उरकली आहे, आपल्याला तसं करायचं नाही. म्हणून शालूला फुलं लावलेल्या मेटॅडोरमध्ये बसवून खाणीच्या फाटकापर्यंत, तिथून बाजारातून आणि बसस्टँडवरून फिरवून आणलं आणि शेजारच्या दारात उतरवलं. एवढा वेळ मामा रस्त्यावर उभे राहून रडत होते. गाडी परत आलेली पाहून आणखी रडले. दुपट्टा त्या दिवशी पूर्ण भिजला. मामी म्हणाली, "हा आता पिळाच लागते."

भिंतीवरून सगळं पुन्हा सुरू झालं, काही वर्षं चाललं, आणि मग शालूची बदली सिरोंच्याला झाली. श्रीनूनेही तिकडेच काम धरलं. आता लांबचा पल्ला, मधे जंगल, पावसाळ्यात रस्ता बंद. त्यांची मुलगी मराठी-तेलुगू मिसळून बोलते, आणि फोनवर ती काय म्हणाली हे विचारायला मामा भिंतीपाशी जाऊन मल्लय्याभाऊंना हाक मारतात.

मागच्या सुटीत मी राजुऱ्याला गेले होते. तीच गोष्ट चौथ्यांदा आली होती, पुन्हा हिंदीत, नवे नट, नवे कपडे. मामा बघत होते, पण बसून. ओरडले नाहीत. शेवटी बापाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, सनई सुरू झाली, आणि मामांनी टीव्ही बंद केला.

"काऊन मामा? मानला नं तुमचा बाप."

"मानते तो," मामा म्हणाले. "चार झाले पाहून. सगळे इथंच थांबतेत. बाप दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते, हे कोणीच नाई दाखवलं." मग माझ्याकडे वळून, अगदी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "पुस्तकात होतं का वं बाई ते?"

"नाई मामा. पुस्तकात तर लग्नच नव्हतं."

"मंग पुस्तकबी अधुरंच," ते म्हणाले आणि अंगणात गेले. वस्तीत आता सगळ्यांकडे डिश आहे. अँटेने भंगारात गेले. मल्लय्याभाऊंच्या छपरावरचा तेवढा राहिला आहे. मल्लय्याभाऊ काढायला निघाले की मामा काढू देत नाहीत. काऊन, ते सांगत नाहीत. त्याला वायर नाही, टीव्ही नाही, वरती कावळे बसतात. संध्याकाळी मामा भिंतीपाशी उभे राहून मान वर करून पाहतात, आणि वाऱ्याने तो जरा जरी फिरला असला तरी मल्लय्याभाऊंना काठीने पुन्हा सरळ करायला लावतात. दक्षिणेकडे. सिरोंचा तिकडेच आहे.