रशीदभाईंचा जपानी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारुंजीच्या चौकात भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो. गठ्ठा हातातच राहिला, आणि पहिला विचार आला तो लाज वाटावी असाच... आता शेवटच्या सिनेमाचं काय?

पौडला भाईंचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. कुणी परत न नेलेल्या एका प्लेअरमध्ये त्यांना एका जपानी दिग्दर्शकाची सीडी अडकलेली सापडली, तिथून हे वेड. मग रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून ते त्याचे सगळे सिनेमे भिंतीवर दाखवू लागले. अगदी पहिल्यापासून, क्रमानं, महिन्याला एक. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती आम्हाला वाचून होईपर्यंत माणसं बोलून मोकळी झालेली असायची. म्हणून भाई भिंतीशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांचं स्वतःच बोलत. "सासू म्हणतिया, हितं माजं घर हाय, तुजं कुटं हाय त्ये बग!" बायका खूश.

एकदा हिंजवडीचा, जपानी शिकलेला एक इंजिनियर आला. दहा मिनिटांत उठून म्हणाला, "काका, ती सासू नाही, डॉक्टर आहे. त्याला टीबी झालाय म्हणतेय." सगळे भाईंकडे बघायला लागले. भाई शांतपणे म्हणाले, "डाक्टर हाय. पन सासूबी हाय." मागून लक्ष्मीआत्या इंजिनियरवर ओरडल्या, "ए, खाली बस! आमाला कळतंय."

माझं त्यांच्याशी भांडण मात्र तत्त्वाचं होतं. गिरणीतल्या संपावर एक जळजळीत सिनेमा काढून हा दिग्दर्शक पुढं जन्मभर पोरींची लग्नं जुळवत बसला. "भाई, हा संपातून फुटला," मी म्हणालो. "फुटला न्हाई. पोरी लग्नाला आल्या आसतील त्याच्या." मग मधले तीन पडेल सिनेमे तरी गाळू या म्हटलं, तर भडकलेच. "मानसाची वाईट वर्सं गाळतुयास व्हय रं? त्यानं काय ती जगली न्हाईत?"

दवाखान्यात भेटलो तेव्हा आवाज पार खोल गेला होता. "एकच ऱ्हायलाय. तू बोल. त्याला अर्ध्यात सोडू नगंस..." मी हो म्हणालो.

गेल्या रविवारी भाईंच्या बायकोनं, शमीमभाभींनी, शटर उघडून दिलं. भिंतीवर शेवटचा सिनेमा लागला. नदीवर पूल होतो, म्हातारा नावाडी शेवटची फेरी मारून होडी बांधतो आणि काठावर बसतो. बसूनच राहतो... अशी संधी मी सोडणार होतो थोडाच! घसा साफ करून सुरू झालो, "विकासाच्या नावाखाली या श्रमिकाचं..."

"आरं, तुजं त्ये लवासाचं भाशान मागनं सांग," लक्ष्मीआत्या म्हणाल्या. "गप ऱ्हा जरा. आसं कुनी एकटं बसलं की भाई बोलायचं न्हाईत. स्टुलावर बसून घ्यायचं."

इतकी वर्षं मी भिंतीकडेच बघत होतो. भाईंकडे कधी बघितलंच नव्हतं.

भिंतीशी स्टूल होतं. एका पायानं लंगडं. साऱ्या पौडचं दुरुस्त करणाऱ्या माणसानं तेवढं तसंच ठेवलं होतं. मी तोल सांभाळत त्यावर बसलो, आणि नावाडी उठेपर्यंत उठलो नाही.