घालून झोपावं की काढून?

"हुश्श!"

नवीन लग्न झालं तेव्हा चिंचवड गावठाणात आम्ही एका खोलीत राहायचो. मधे पडदा. बायको एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायची. संध्याकाळी आली की चप्पल काढून सरळ पडद्यामागे, आणि तिथून हा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरलोच. भाजलं की काय हिला! विचारलं, "काय झालं गं?"

पडद्यामागून उत्तर आलं, "काही नाही. हूक काढले. आता खरी सुट्टी झाली!"

पुढे आम्ही पिंपरीत दुकान टाकलं. मागेच आमच्या दोन खोल्या. काउंटरवर बायको बसते, ब्रा-परकर विकते. मागे मशीनवर मी ब्लाउज शिवतो. मी फारसा शिकलो नाही, बोलतोही कमी. मान खाली, पाय मशीनवर. गिऱ्हाईक बायकांना वाटतं, हा माणूस मशीनचाच एक पार्ट आहे. मग काहीही बोलतात! अशा गोष्टी मशीनखालच्या चिंध्यांसारख्या साठतात. आज झाडून काढल्या, तरी उद्या तेवढ्याच.

*

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून मनीषा लातूरकडची. चाकणला कंपनीत लाइनवर आहे. कामात हुशार, पण डोळे कायम तारवटलेले. लाइनवर उभ्या उभ्या डुलकी लागायची. सुपरवायझरने बजावलं होतं, "मॅडम, पुन्हा डोळा लागला तर दुसरीकडे काम बघा."

एका सुट्टीला ती काउंटरजवळ बसली होती. मधेच तिने विचारलं, "आई, ब्रा घालून झोपावं की काढून?"

बायकोने तोंड उघडायच्या आत समोरच्या सोसायटीतल्या कल्पनावहिनी म्हणाल्या, "घालूनच! नाहीतर शेप जातो."

हिराआजी तिथेच बसल्या होत्या. जुन्या गावातल्या, दुपारी पंख्याखाली येऊन बसतात. त्या म्हणाल्या, "कुठं जातो? आमचा तर न्हाई गेला कुठं. आमी जलमभर चोळीची गाठ मारली, चार पोरं पाजली. घरात पडलं ते येक छप्पर, तेबी वाऱ्यानं!"

कल्पनावहिनी परकर घ्यायला आल्या होत्या, तो न घेताच गेल्या.

*

एकदा एक तरुण कंपनीच्या युनिफॉर्मवरच आला. त्याच्या बायकोने पाठवला होता. काउंटरवर सगळ्या बायका बघून तो दाराशीच घुटमळला. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, ते... झोपताना घालायची द्या."

मी काउंटरकडे बोट दाखवलं. त्याला तिकडे जायचं धाडस होईना. त्याने बायकोला फोन लावला आणि गडबडीत तो स्पीकरवर गेला.

"अगं, झोपायची कसली असते?"

फोनमधून सगळ्या दुकानाला ऐकू गेलं, "जी घातल्यावर झोप लागते ती! अन् मागच्यासारखी घट्ट आणलीत, तर तुम्हीच घालून झोपा!"

त्याने दोन साइझ मोठी घेतली. पिशवीकडे बघितलंही नाही, सरळ पळाला.

*

आमच्याकडे बायका ब्रा दोरीवर उघडी वाळत घालत नाहीत. वरून काहीतरी झाकण हवंच. मनीषाच्या लाइनवरची एक मैत्रीण रात्री ब्रा काढून धुवायची आणि नवऱ्याच्या स्वेटरखाली वाळत टाकायची.

एका सकाळी नवऱ्याने घाईत स्वेटर ओढला आणि अंगात घातला. हूक लोकरीत अडकलेले. कंपनीच्या बसमध्ये सगळा रस्ता पाठीवर ब्रा लोंबत होती, पण सांगणार कोण? चाकणला गेटवर सिक्युरिटीवाल्याने त्याला एका बाजूला घेतलं.

"साहेब, घरचं मटेरियल आत नेताय, तर एंट्री करून ठेवा. नाहीतर संध्याकाळी बाहेर काढताना गेटपास मागतील!"

हे मनीषाने स्वतः सांगितलं. घरात आल्यापासून एवढी हसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. हसता हसता तिने काउंटरवर डोकं टेकवलं, ते वर उचललंच नाही.

झोपली होती पोर!

*

मग एकदा एक डॉक्टरीणबाई शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला आल्या. त्याचं थोडं काम बाकी होतं, म्हणून बसल्या. दुकानातल्या बायकांनी त्यांना घेरलंच. घालून की काढून, आज निकाल लावा!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यात बरं वाटतं तसं झोपा. घालायची तर सैल घाला. काढली म्हणून काही बिघडत नाही."

हिराआजी म्हणाल्या, "येवढं सांगाया इतकी वर्सं शिकलीस व्हय गं?"

"नाही आजी. सांगून कुणी ऐकत नाही, तरी हसत बसायचं, ते शिकायला वर्षं लागली!"

सगळ्या हसल्या. मनीषा हसली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. "तुझं काय अडतंय गं?"

ती खाली बघून म्हणाली, "बाथरूमची वाट आमच्या खोलीतूनच आहे. कडी लावता येत नाही. मामा, म्हणजे सासरे, पहाटे उठून जातात. ते बिचारे वर बघतसुद्धा नाहीत. पण काढून झोपायला धीर होत नाही, आणि घातली की झोप येत नाही. वळ उठलेत अंगावर."

मी मशीन थांबवलं असतं, तर मी ऐकल्याचं तिला कळलं असतं. म्हणून पाय चालूच ठेवला. शिवण कुठे चाललीय याकडे लक्षच नव्हतं.

घरी जाऊन डॉक्टरीणबाईंनी ब्लाउज घालायला घेतला, तर एका बाहीतून हातच बाहेर येईना!

*

त्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "आजपासून मी दुकानात झोपणार. उंदीर झालेत."

बायको म्हणाली, "मी तर एकही पाहिला नाही."

"मग काय, कापड खाल्ल्यावर बघायचा?"

मुलगा म्हणाला, "बाबा, आणि सकाळी आंघोळीचं काय?"

"मार्केटच्या मागे नळ आहे की. मोकळी हवाही मिळते."

मनीषा पोळी वाढत होती. तिचा हात जरासा थांबला, मग तिने पोळी वाढली. मी ताटात बघत राहिलो.

दोन-तीन दिवसांनी ती फर्स्ट शिफ्ट करून दुपारी आली. चप्पल काढली आणि दुकानातून आत आपल्या खोलीत गेली. मग आतून एक नवा आवाज आला. कडी लावल्याचा. आणि त्याच्यामागोमाग,

"हुश्श!"

माझा पाय मशीनवर थांबला. काउंटरवर बायको खोक्यावर झाकण बसवत होती, तिचाही हात थांबला. तिने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, मशीनखाली गुंडाळून ठेवलेल्या माझ्या वळकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

खोकं तसंच उघडं ठेवून ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.