गोदावरीबाईंनी चढवलेलं आढं

किहीमच्या खालच्या आळीत गोदावरीबाईंइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि नव्हती तेच बरं होतं. दोघी असत्या तर त्यांनी आळीत कोणाला सुखानं जेवू दिलं नसतं.

नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्यांनी एकटीनं माडांची वाडी राखली. नारळ पाडायला सदा. तो, त्याची बायको बायजा आणि तीन मुलं वाडीच्या मागच्या टोकाला झापांच्या खोपटात राहायची. १९५८ च्या पावसाळ्यात ते खोपट दोनदा बसलं. तेव्हा बाईंनी जाहीर करून टाकलं, की आपल्या घराला लागून, आळीच्या रस्त्यावर, सदाला चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर बांधून द्यायचं.

शेजारचे मार्तंडराव खवळले. "माड तोडाल, आळीचं रूप घालवाल. उद्या जो तो खोल्या काढत सुटेल!"

"आळीचं रूप मलाही कळतं," बाई म्हणाल्या. "पण माणसं भिजत ठेवून राखलेलं रूप मला नको."

दिवाळीनंतर काम निघालं. बाईंनी गवंड्याला बजावलं, जोतं आळीच्या ओळीत हवं, कौलं तीच हवीत, आणि आढं शेजारच्या घरांपेक्षा वीतभर खालीच राहिलं पाहिजे. मधे आलेला माड तोडायचा नाही, पडवीच्या छपरातून वर जाऊ द्यायचा. तिथून पाणी गळणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाई म्हणाल्या, "गळू दे. खाली घंगाळ ठेवू."

आता मार्तंडरावांना बोलायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी रीत पुढं केली. आढं चढवताना प्रत्येक घरातून एक खांदा लागायचा. ते खांदे लागले नाहीत, तर ते घर आळीतलं धरत नसत. मार्तंडराव दारोदार फिरले आणि कोणी जायचं नाही, असं ठरवून आले.

ठरल्या सकाळी गवंडी दोर घेऊन भिंतींवर चढून बसले, पण आळीतला एकही पुरुष फिरकला नाही. आढ्याचं लाकूड अंगणात पडून राहिलं. बायजा रडकुंडीला आली. "ऱ्हाऊ द्या बाय. आमी मागंच बरी हाव."

"गप्प बस!" बाईंनी पदर खोचला आणि लाकडाचं टोक धरलं. विधवेनं शुभकार्यात पुढं होऊ नये असा तो काळ. दुसरं टोक सदानं धरलं, पण दोघांच्यानं ते लाकूड हलेना.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून कुमुद निघाली. मार्तंडरावांची बायको.

"अगं, कुठं निघालीस?" मार्तंडराव पडवीतून ओरडले.

"आपल्या घरचा खांदा द्यायला," ती मागं न बघता म्हणाली.

तिच्यामागून सगुणा आली, राही आली, मग घराघरांतून बायका बाहेर पडल्या. वरून गवंड्यांनी दोर ओढले, खालून बायकांनी खांदे लावले, आणि आढं चढलं.

"बायकांचे खांदे रीतीत धरत नाहीत!" मार्तंडराव म्हणाले.

"मग या," घाम पुसत गोदावरीबाई म्हणाल्या, "आणि उतरवा."

उतरवायला कोणी आलं नाही. बायजानं कौलं चढायचीही वाट पाहिली नाही. त्याच दुपारी तिनं नव्या घरात चूल पेटवली.