नानांसाठी मऊ केलेली जीप

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये कुणी बोलू नका. कारण माझ्या वडिलांचा एक पाय कायमचा बोटभर आखूड राहिला आणि तो कुणामुळे राहिला, हे मी आज स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. राजूरच्या जरा अलीकडं आमचं गाव. माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप होती, राजूर-अकोले माणसं वाहायची. नऊ माणसांची गाडी, बसवायची अठरा! तेवढं ओझं पेलायचं म्हणून मी चाकांवरच्या कमानीत आधीच जादा पाटे टाकून घेतले होते. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या त्या लोखंडी पट्ट्या. खड्डा आला की त्या दबतात आणि दणका गिळतात. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं की जीपमधलं मला सगळंच कळतं.

त्या वर्षी पावसाळ्यात नाना, म्हणजे माझे वडील, भातखाचराच्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. संगमनेरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"रस्ता खराब आहे तुमच्याकडचा. दणका बसता कामा नये. स्क्रू हलला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि या वयात मी खात्री देणार नाही. आमची गाडी देऊ का?"

आता घरची जीप दारात उभी असताना मी दुसऱ्याची गाडी घेईन? छे! मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पेशंटला झोप लागेल अशी गाडी करून आणतो."

आणि मी गाडी 'करायला' अकोल्याला गेलो, रज्जाकभाई मेस्त्रीकडे.

"रज्जाकभाई, मागं दोन-दोन पाटे आनखी टाका."

"आनखी? अरे, किती मानसं भरतो आता? टपावर बी बसवतो का काय?"

"तुमी टाका वो."

कशासाठी ते मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्याने सल्ला दिला असता, आणि सल्ला मला सोसत नव्हता. माझा हिशोब सरळ होता. पाटे जास्त म्हणजे गाडी मजबूत, आणि मजबूत म्हणजे आराम. मग टायर बदलले. चिखलात चालणारे, ट्रॅक्टरसारख्या खोल नक्षीचे, जाडजूड. गादी जाड तेवढी मऊ, मग टायर जाड तेवढा मऊ नको? वर हवा ठासून भरली, खडे टोचू नयेत म्हणून!

दुसऱ्या दिवशी मागच्या एका बाकड्याला फळी जोडली, गादी घातली, नानांना झोपवलं. आई त्यांचा पाय धरून शेजारी बसली. निघालो.

संगमनेर सुटलं, पहिला खड्डा आला आणि नाना असे ओरडले की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"आरं हळू! मारतो का काय मला?"

हळूच होतो हो मी! बैलगाडी पुढं गेली असती. मला वाटलं, टायर बसला असणार. पुढच्या पंक्चरच्या दुकानात थांबून चारी चाकांत आणखी हवा भरून घेतली. दुकानदार म्हणाला, "लई झाली." मी म्हटलं, "पेशंट हाय गाडीत, भरा." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि भरली.

त्यानंतर जीप रस्त्यावरून चालत नव्हती, उडत होती. बारीक खडा आला तरी मागची बाजू हातभर वर जाऊन आदळायची. स्टेअरिंग धरून मी घामाघूम. मागून नानांचं "आई गं, आई गं" चाललेलं.

मग माझ्या डोक्यात आली ती अक्कल तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. मी ठरवलं की गाडीवर ओझं जास्त झालंय!

राजूरची एसटी मागून येत होती. हात करून थांबवली आणि आईला म्हटलं, "तू ह्या गाडीनं जा. सामान बी घेऊन जा. जीप हलकी हुईल."

"आरं, आन् त्येंना धरायला कोन?"

"गादी हाय की! बस तू."

आई रडवेल्या तोंडाने एसटीत चढली. माझी आई चांगली वजनदार बाई. ती, तिची वळकटी, दवाखान्यातली भांडी, फळांची पिशवी, सगळं उतरवलं. राहिले फक्त नाना आणि मी.

थोडं पुढं गेल्यावर नानांचं ओरडणं बंद झालं. मी मनात म्हटलं, बघा! हलकी केल्याबरोबर गाडी कशी बसली! इतका खूश झालो की शीळसुद्धा घातली असेन.

अकोल्यात आल्यावर मोठ्या ऐटीत मागं वळून म्हटलं, "काय नाना, झोप लागली का?"

नाना झोपले नव्हते. दोन्ही हातांनी वरचा गज धरून, डोळे मिटून पडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या बापाला मी जन्मात रडताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनलाही नाही. ओरडायचं त्राणच उरलं नव्हतं त्यांच्यात.

सरळ रज्जाकभाईच्या गॅरेजवर गाडी घातली. तो हात पुसत आला, मागं डोकावला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बापासाठी टाकले तू हे पाटे?"

"व्हय. आराम पडावा म्हनून."

"अरे शहान्या, हे पाटे अठरा मानसांचं वजन आलं तरच दबतात! मोकळ्या गाडीत ते नुसते लोखंडी ठोकळे. त्यात ह्ये दगडासारखे टायर. पाटा दबंना, टायर दबंना, मग दणका कुनी खायचा? म्हाताऱ्यानं!"

मी हळूच म्हटलं, "आईला बी उतरवलं वाटंत. वजन कमी व्हावं म्हनून."

रज्जाकभाईने खाली बसून चारी चाकांची हवा काढली, टायर जरा पोट सोडून बसेपर्यंत.

पाटे काढायला दोन तास लागणार होते. नाना म्हणाले, "न्हाई थांबवत. घरला न्या."

"मग मानसं भर," रज्जाकभाई म्हणाला. "भरलेली गाडी झोके घेत जाईल."

आणि मी, आजारी बाप गाडीत असताना, अकोल्याच्या चौकात उभा राहून ओरडायला लागलो, "राजूर! राजूर! चला राजूर!"

त्या दिवशी अकोल्याचा बाजार. पाच मिनिटांत गाडी गच्च! समोरच्या बाकड्यावर पाच बाया, खाली तांदळाची तीन पोती, मागच्या पायरीवर चौघे लोंबकळलेले. एका अनोळखी म्हातारीने नानांचा पाय मांडीवर घेतला. म्हणाली, "पडा निवांत, मी धरलाय." आणि जीप खरोखर नावेसारखी गेली. तेच खड्डे, तोच रस्ता. त्या गर्दीत, कोंबड्यांच्या कलकलाटात नानांना झोप लागली.

आमच्या फाट्यावर आई एसटीतून उतरून वळकटीवर बसली होती. तिने गाडीतली माणसं पाहिली, पोती पाहिली.

"मला वजन हुतं म्हनून उतरवलं, आन् ह्यी जत्रा काय हलकी हाय व्हय?"

मी तिची वळकटी उचलून टपावर टाकली.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. स्क्रू सरकला होता. डॉक्टरांनी "त्या दिवशी घरी कशाने नेलंत?" विचारलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. दुसरं ऑपरेशन ठरलं. चार दिवस मी जीपला हातसुद्धा लावला नाही.

दवाखान्यात जायच्या सकाळी मी धीर करून नानांच्या खाटेपाशी गेलो. "नाना, पाटे काढलेत. जुने टायर बसवलेत. ह्या टायमाला एकदम सावकाश नेतो."

नाना छताकडे बघत म्हणाले, "रज्जाकला सांगावा धाडलाय. त्यो चालवंल."

"आन् मी?"

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, पोतं तोलावं तसं.

"तू मागं बस. जरा वजन लागतंय."